साध्या कॉम्पॅक्टवर मॅक्रो: एक सेंटीमीटरचा पेच

गेले तीन महिने मी एकाच फोटोच्या मागे आहे. खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्यावर मुंगीचा असा फोटो काढायचा, की तिच्या कोपरासारख्या वाकलेल्या स्पर्शिकांचे सांधे मोजता यावेत. अजून तो निघालेला नाही. दरम्यान बरंच काही करून पाहिलं, ते इथे मांडते. जाणकारांनी चुका दाखवाव्यात.

कॅमेरा जुना आहे. सेन्सर १/२.३ इंची, १२ मेगापिक्सेलचा. भिंगाच्या कड्यावर फोकल लेंथ (ती जेवढी जास्त तेवढं झूम जास्त) ४.५–२२.५ मिमी कोरलीय. ३५ मिमी फिल्म कॅमेऱ्याच्या भाषेत साधारण २५ ते १२५ मिमी. ट्यूलिपच्या फुलाचं चिन्ह असलेलं बटण दाबलं की तो १ सेंमीवरच्या वस्तूवरही फोकस करतो, पण झूम अगदी मागे, रुंद टोकाला असेल तरच. थोडं जरी झूम केलं तरी हे जवळचं अंतर झपाट्याने वाढत जातं आणि शेवटच्या टोकाला ते ५० सेंमी होतं.

पहिल्या दिवशी मोजपट्टीचा फोटो काढला. प्रत्येकाने आधी हे करावं असं मला वाटतं, कारण त्यातून आपला कॅमेरा नेमकं काय देतो ते कळतं. ट्यूलिपवर १ सेंमीवरून २८ मिमी रुंदीची पट्टी चौकटीत मावली. पूर्ण झूमवर ५० सेंमीवरून १४ सेंमी. ३ मिमीची मुंगी पहिल्या चौकटीत सुमारे ४०० पिक्सेल लांब येते, दुसरीत जेमतेम ऐंशी-पंच्याऐंशी.

म्हणजे ट्यूलिपच वापरायचं, हे ठरलं. खरी अडचण तिथेच सुरू होते. १ सेंमी म्हणजे भिंगाची कडा मुंगीच्या जवळजवळ डोक्यावर. भिंगाची सावली तिच्यावर पडते आणि फ्लॅश मारला तर त्याचा उजेड नळीच्या बाजूने निघून पलीकडच्या पानावर जातो. मुंगी काळोखात आणि पान पांढरं फटक! शिवाय इतक्या जवळ गेल्यावर ती थांबत नाहीच. नाकतोडा तर मी हातभर लांब असतानाच उडतो.

मग हातातलं भिंग कॅमेऱ्यासमोर धरून पाहिलं. मोठं दिसलं खरं, पण मध्यभाग सोडला तर सगळ्या कडांना जांभळी-हिरवी किनार आली.

प्रश्न असा: एवढीच चौकट जरा लांबून मिळवता येईल का? कॅमेरा बदलायचा नाही. त्याच्याशी माझं जमलंय.

प्रतिसाद १

धागा वाचून आनंद झाला. मोजपट्टीची युक्ती उत्तम. एक भर घालतो, म्हणजे आपण कुठे उभे आहोत ते कळेल.

मॅक्रो म्हणजे १:१, वस्तू जेवढी तेवढीच तिची प्रतिमा सेन्सरवर, अशी व्याख्या आपण सगळीकडे वाचतो. ती ३५ मिमी फिल्मच्या जमान्यातली आहे. तुमचा सेन्सर जेमतेम ६.२ मिमी रुंद. त्यावर २८ मिमीची चौकट मावते म्हणजे प्रमाण झालं सुमारे १:४.५. व्याख्येनुसार हे मॅक्रोच नव्हे. पण तीच २८ मिमीची चौकट ३६ मिमी रुंद फुल-फ्रेम सेन्सरवर भरायची तर १:१ च्याही पुढे, १.३ पटीपर्यंत जावं लागतं, आणि बरीचशी महागडी मॅक्रो भिंगं १:१ ला थांबतात. तेव्हा मोठेपणा तुमच्याकडे आहेच. तुम्हाला हवंय ते अंतर.

प्रतिसाद २

+१. आणि अंतरावर उपाय आहे.

झूम पूर्ण पुढे घ्या आणि समोर क्लोज-अप भिंग लावा. अशा भिंगाची ताकद चष्म्यासारखी डायॉप्टरमध्ये मोजतात. +८ डायॉप्टर म्हणजे फोकल लेंथ १/८ मीटर, १२.५ सेंमी. कॅमेरा अनंतावर फोकस केलेला असेल तर भिंगापासून बरोबर १२.५ सेंमीवरची वस्तू स्पष्ट दिसते. कॅमेऱ्याचा स्वतःचा फोकस ५० सेंमीवर आणला तर ते आणखी २ डायॉप्टर झाले. एकूण १०, म्हणजे अंतर १० सेंमी.

आता तुमचेच आकडे घालतो. झूमच्या टोकाला फोकल लेंथ २२.५ मिमी. तिला १०० मिमीने (म्हणजे त्या १० सेंमीने) भागलं की वर्धन, म्हणजे प्रतिमा वस्तूच्या किती पट ते, ०.२२५. ६.२ मिमीला त्याने भागा, चौकट येते साधारण २८ मिमी.

तुमची ट्यूलिपवाली चौकट जशीच्या तशी, पण १ सेंमीऐवजी १० सेंमीवरून. सावली नाही, फ्लॅश पोचतो आणि मुंगीला आपलं सावट जाणवत नाही.

किनारीचं म्हणाल, तर ती एकाच काचेच्या भिंगामुळे येते. निळा आणि तांबडा प्रकाश एकाच ठिकाणी जुळत नाही. दोन वेगळ्या प्रकारच्या काचा चिकटवलेलं भिंग, ज्याला ॲक्रोमॅट म्हणतात, ते हा दोष बराच कमी करतं. रेनॉक्सचं डीसीआर-२५० हे +८ चं आणि डीसीआर-१५० हे +४.८ चं. कॅननचं २५०डी +४ चं आणि ५००डी +२ चं. तुमच्या २२.५ मिमीच्या झूमला +४ पुरणार नाही, +८ च बघा. ज्यांच्याकडे लांब झूमचे कॅमेरे आहेत त्यांना मात्र +४ सुद्धा भरपूर होतं, कारण वर्धन झूमच्या प्रत्यक्ष फोकल लेंथवर ठरतं.

प्रतिसाद ३

नवीन काही घ्यायचं नसेल तर बिघडलेली दुर्बीण शोधा. दुर्बिणीचं पुढचं मोठं भिंग ॲक्रोमॅटच असतं. मी एका मोडक्या दुर्बिणीचं काढलं. ताकद मोजायला खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीवर पांढरा कागद लावला आणि दूरच्या खिडकीबाहेरचं दृश्य त्यावर स्पष्ट उमटेपर्यंत भिंग पुढे-मागे केलं. कागदापासून भिंगापर्यंतचं अंतर १८ सेंमी भरलं, म्हणजे +५.५. सूर्यावर हा प्रयोग करू नका, कागद जळतो आणि डोळ्यांना धोका.

बसवायला काळ्या जाड कागदाची नळी केली, आतून मखमली कागद लावला. भिंगाचा जास्त फुगीर भाग कॅमेऱ्याकडे ठेवून आणि उलटा, दोन्ही तऱ्हांनी फोटो काढून बघा. एका बाजूने कडा स्पष्ट येतात, दुसरीने येत नाहीत. नळीचं वजन कॅमेऱ्याच्या सरकत्या भिंगावर टाकू नका. त्याची मोटर इवलीशी असते. नळी कॅमेऱ्याच्या अंगावर टेकवा किंवा खाली ट्रायपॉडच्या पट्टीला धरून ठेवा.

धागाकर्ती

प्रतिसाद २, तुमचं गणित वाचून उठून बसले. २८ मिमीची चौकट १० सेंमीवरून! तीन महिने मी मोठेपणाच्या मागे होते आणि तो पहिल्या दिवसापासून हातात होता.

प्रतिसाद ३ ची दुर्बीण मात्र मनात बसली. घरात एक पडली आहे, एका बाजूचं प्रिझम निखळलेलं. कळवते.

प्रतिसाद ४

थोडा विरोधी सूर लावतो, राग मानू नये. पूर्ण झूमवर या कॅमेऱ्यांचं ॲपर्चर (भिंगातलं प्रकाशाचं छिद्र, एफ/ चा आकडा मोठा तेवढं ते लहान) एफ/६ च्या आसपास असतं, रुंद टोकाला एफ/२.८ असतं. एवढ्या छोट्या सेन्सरवर एफ/६ म्हणजे विवर्तनाचा, म्हणजे लहान छिद्रातून जाताना प्रकाश पसरण्याचा, मार. ट्यूलिपवरचा फोटो जास्त धारदार येणार. लांब गेल्याची किंमत मोजावी लागते.

प्रतिसाद २ चे लेखक पुन्हा

बरोबर आहे, आणि हे लपवण्यासारखं नाही. प्रकाशाचा बिंदू भिंगातून बिंदू म्हणून उतरत नाही, चकती होऊन उतरते. हिरव्या प्रकाशात एफ/२.८ ला तिचा व्यास ३.८ मायक्रॉन, एफ/५.९ ला ७.९ मायक्रॉन, एफ/८ ला १०.७. तुमच्या सेन्सरचा एक पिक्सेल दीड मायक्रॉनचा. म्हणजे एफ/५.९ ला एक बिंदू पाच पिक्सेलभर पसरतो. म्हणून पूर्ण झूमवर ॲपर्चर त्याहून बंद करू नका, जेवढं उघडं मिळतं तेवढंच ठेवा. काही कॉम्पॅक्टमध्ये तर ॲपर्चर बंद होतच नाही, नुसती करडी काच आडवी येते. तिने उजेड कमी होतो, खोली (पुढे-मागे स्पष्ट दिसणारी जाडी) वाढत नाही.

पण खोलीकडेही बघा. २८ मिमीच्या चौकटीला एफ/२.८ वर स्पष्ट दिसणारी जाडी सुमारे ०.७ मिमी. एफ/५.९ वर दीड मिमी. मुंगीचं डोकं आणि पुढचे पाय एकत्र स्पष्ट यायला दीड मिमी उपयोगी पडते. मोठ्या कॅमेऱ्यावर याच चौकटीला एवढी खोली मिळवायची तर एफ/१६ च्या पुढे जावं लागतं, आणि तिथेही विवर्तन तसंच आडवं येतं. निसर्गाचा हिशेब सगळ्यांना सारखा आहे.

आणि अंधारातली, हललेली, पळून गेलेली मुंगी कितीही धारदार भिंगातून धारदार येत नाही. माझं मत अंतराच्याच बाजूने.

प्रतिसाद ५

मी १ इंची सेन्सरचा कॉम्पॅक्ट मॅक्रोसाठी घेतला आणि हिरमुसलो. चित्र सुंदर, पण जवळचा फोकस रुंद टोकाला ५ सेंमी आणि झूमवर अर्ध्या मीटरपेक्षा जास्त. सेन्सर १३.२ मिमी रुंद, म्हणजे मोठ्या सेन्सरवर तेवढीच मुंगी मोठी पाडायला भिंगाला जास्त कष्ट. कॅमेरा बदलून मॅक्रो सुधारेल असं वाटणाऱ्यांनी आधी हे दोन आकडे वाचावेत. धागाकर्तीचा कॅमेरा न बदलण्याचा निर्णय योग्य आहे.

याला अपवाद ऑलिंपसच्या टफ मालिकेचा. टीजी-४ (२०१५), टीजी-५ (२०१७), टीजी-६ (२०१९) या कॅमेऱ्यांत मायक्रोस्कोप मोड आहे. त्यात झूम पुढे घेतलं तरी १ सेंमीचा फोकस सुटत नाही. भिंगाभोवती बसणारी उजेडाची कडीही मिळते, फ्लॅशशेजारच्या दिव्याचा प्रकाश ती वळवून वस्तूवर आणते. १ सेंमीचा पेच त्यांनी उजेडाच्या बाजूने सोडवलाय.

प्रतिसाद ६

उजेडाबद्दल कोणीच नीट लिहिलं नाही, म्हणून लांबलचक लिहितो. माझ्या मते अर्ध्याहून जास्त मॅक्रो उजेडात आहे.

किडे चकचकीत असतात. भुंग्याची पाठ म्हणजे आरसा. त्यावर उघडा फ्लॅश मारला की एक पांढरा ठिपका येतो आणि बाकी रंग मरतो. त्या ठिपक्याचा आकार उजेडाच्या स्रोताचा आकार असतो. स्रोत मोठा केला की ठिपका पसरून मऊ होतो आणि पाठीचा खरा रंग वर येतो. मोठा म्हणजे किड्याच्या नजरेने मोठा. १० सेंमीवरून धरलेला पोस्टकार्डाएवढा ट्रेसिंग पेपर त्याच्यासाठी अख्खं ढगाळ आकाश आहे.

मी पांढऱ्या प्लास्टिकच्या बरणीचा तुकडा अर्धगोल कापून कॅमेऱ्याच्या फ्लॅशसमोर छपरासारखा पुढे झुकवला. तो भिंगाच्या वरून किड्याच्या डोक्यापर्यंत येतो. खालून पांढऱ्या कागदाचा तुकडा धरला की पोटाखालची सावली उजळते. एवढ्याने माझे फोटो ओळखू न येण्याइतके बदलले.

दुसरी गोष्ट हलण्याची. एवढ्या जवळ हाताचा कंप प्रचंड दिसतो आणि कॅमेऱ्यातलं स्थिरीकरण तो पुरता थांबवत नाही, कारण ते मुख्यतः कॅमेरा कलण्याचा कंप सावरतं, तो आडवा सरकण्याचा नाही. कॅननने २००९ मध्ये १०० मिमीच्या मॅक्रो भिंगात दोन्ही कंप सावरणारी व्यवस्था दिली, ती याचसाठी. आपल्याकडे ती नाही, पण फ्लॅश आहे. जवळच्या वस्तूला फ्लॅश फार थोडा लागतो आणि कमी ताकदीवर त्याचा लखलखाट सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी टिकतो. आसपासचा उजेड फोटोत येणार नाही एवढा शटर वेगवान ठेवला, की चित्र फक्त त्या लखलखाटात उमटतं आणि कंप गोठतो. कॉम्पॅक्टमध्ये शटर भिंगाच्या आत असतं, त्यामुळे त्यातले बरेच १/५०० किंवा त्याहून वेगावरही फ्लॅश साधतात. पडदा-शटरच्या मोठ्या कॅमेऱ्यांना हे सहज जमत नाही. ही आपली जमेची बाजू आहे, वापरा.

पार्श्वभूमी मग काळी येते. मला ते आवडत नाही, किड्याचं घर नाहीसं होतं. मी मागे एखादं पान येईल असा कोन शोधतो.

प्रतिसाद ७

सकाळी लवकर जा. कीटकांचं शरीर स्वतःची ऊब राखत नाही. रात्रीच्या गारव्यानंतर ऊन अंगावर येईपर्यंत ते सुस्त असतात. फुलपाखरं आणि चतुर तर दव अंगावर घेऊन बसलेले सापडतात.

फोकससाठी: ऑटोफोकसशी झटापट नको. शटर अर्धं दाबून धरा, मग बटण न सोडता स्वतःच कमरेतून हळूहळू पुढे झुका आणि डोळे स्पष्ट दिसताच दाबा. दहातले दोन नीट आले तरी चांगला दिवस.

प्रतिसाद ८

यावरून एक विनंती. किडा हलू नये म्हणून त्याला फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला बऱ्याच ठिकाणी दिसतो. कृपया कोणी करू नका. थंडीने बधिर झालेला कीटक पाय विचित्र दुमडून बसतो, ते फोटोतही कळतं, आणि अनेकदा तो पुन्हा उठत नाही. फांद्या तोडून, कोळ्याचं जाळं दोरीसारखं बाजूला करून काढलेल्या फोटोचंही मला दुःख होतं.

धागाकर्ती

प्रतिसाद ८, मनापासून सहमत. मी पकडत नाही. ओट्यावर एका ठिकाणी साखरेच्या पाण्याचा थेंब ठेवते आणि वाट बघते. पिताना मुंगी अर्धा-एक मिनिट जागची हलत नाही.

आता अहवाल. दुर्बिणीचं भिंग निघालं, २० सेंमी, म्हणजे +५. जाड कागदाची नळी केली, प्रतिसाद ६ चं छप्पर बसवलं. चौकट ३९ मिमी मिळाली, माझ्या ट्यूलिपपेक्षा मोठी, म्हणजे मुंगी लहान. पण अंतर जवळजवळ १४ सेंमी! पहिल्याच सकाळी नाकतोड्याचा डोळा आला. त्यातल्या उभ्या पट्ट्या मला साध्या डोळ्यांनी कधी दिसल्या नव्हत्या.

जांभळी किनार जवळजवळ गेली. कोपऱ्यांत काळेपणा येतो, तो झूम पूर्ण पुढे घेतल्यावर निघून जातो.

मुंगीसाठी ही चौकट अजून मोठी आहे. पुढे काय?

प्रतिसाद ९

जुन्या फिल्म कॅमेऱ्याचं ५० मिमीचं भिंग असेल तर ते उलटं करून लावा. उलटं ५० मिमी म्हणजे +२० चा उत्कृष्ट ॲक्रोमॅट समजा. २२.५ भागिले ५०, वर्धन ०.४५, चौकट १४ मिमीच्या आत. अंतर साधारण ४ सेंमी उरतं, कारण ते भिंग मुळात फिल्मपासून साडेचार सेंमीवर चित्र पाडण्यासाठी बनलेलं असतं. ४ सेंमीवर छप्परवाला फ्लॅश अजून पोचतो. उलट्या भिंगाचं ॲपर्चर पूर्ण उघडं आणि फोकस अनंतावर ठेवा, नाहीतर कोपरे काळे पडतील. वजन जास्त, त्यामुळे कॅमेरा आणि भिंग दोन्ही एका फळीवर बांधा.

खोली मात्र अर्धा मिमीसुद्धा राहणार नाही. तिथे स्टॅकिंग लागतं: फोकस कणाकणाने सरकवत फोटो काढायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग जोडायचा. त्यासाठीच्या संगणकाच्या प्रोग्राममध्ये हगिनसोबत येणारी साधनं आणि पिकोले ही फुकट आहेत. झेरीन स्टॅकर आणि हेलिकॉन फोकस विकतची, केसांच्या गुंत्यात ती जास्त चांगलं काम करतात. कॅमेरा कॅननचा जुना कॉम्पॅक्ट असेल तर सीएचडीके हा कॅमेऱ्यात चालणारा जोड-प्रोग्राम बघा. ते मेमरी कार्डावरून चालतं, मूळ फर्मवेअर (कॅमेऱ्याचा स्वतःचा प्रोग्राम) बदलत नाही आणि फोकस आपोआप सरकवत फोटोंची मालिका काढतं. जिवंत मुंगीवर हे जमणार नाही. आधी न हलणारं काही घ्या.

प्रतिसाद १०

न हलणारं म्हणजे मिठाचे दाणे! घन आकार, कडा सरळ, स्टॅकिंग चुकलं तर लगेच दिसतं. फुलपाखराचा गळून पडलेला पंख मिळाला तर सोनं. त्यावरचे खवले मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे, कौलांसारखे एकावर एक.

पावसाळी दिवशी घरात करण्यासारखा आणखी एक प्रयोग: संगणकाचा एलसीडी पडदा पूर्ण पांढरा ठेवा, त्यासमोर पारदर्शक प्लास्टिकची पट्टी धरा आणि भिंगापुढे ध्रुवण फिल्टर फिरवा. पडद्याचा उजेड आधीच ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा, असतो. फिल्टर एका कोनात आला की पडदा काळा होतो आणि प्लास्टिकमधल्या ताणाच्या रेषा इंद्रधनुषी रंगांत दिसतात. पट्टीच्या भोकाभोवती तर रंगांची वर्तुळं.

धागाकर्ती

सव्वा महिन्याने येते आहे. ५० मिमी मिळालं, फळीवर बांधलं. पंधरा दिवस फक्त मीठ. मग पुन्हा साखरेचा थेंब.

मुंगी आली, मोठी काळी, ८-९ मिमीची. पिऊन झाल्यावर ती थांबली आणि पुढचा एक पाय वर उचलून त्यातून स्पर्शिका ओढून काढली. सात फोटो काढले, त्यातला चौथा डोक्यावर अचूक आहे. स्टॅकिंग नाही, एकच फोटो. स्पर्शिकेचे सांधे मोजले, कोपरापुढे अकरा. वाकलेला लांब दांडा धरून बारा.

पण त्या पायाला एक खाच दिसते आहे आणि खाचेला बारीक दातरी किनार. नखासारखं काहीतरी तिच्यावर मिटतंय. हे काय आहे, कोणी सांगेल का? फोटो वर चढवला आहे.

प्रतिसाद ७ चे लेखक पुन्हा

ताई, तो तिचा कंगवा आहे. मुंग्यांच्या पुढच्या पायाला खाच आणि तिच्यासमोर दातेरी काटा असतो. स्पर्शिका मधे धरून ती ओढते आणि धूळ झाडते. मुंग्यांचं जग वासावर चालतं, त्यामुळे स्पर्शिका स्वच्छ ठेवण्यात त्या दिवसाचा बराच वेळ घालवतात. तुमच्या फोटोत काटा अर्धा मिटलेला आहे, म्हणजे स्पर्शिका नेमकी त्या क्षणी आत होती. पाचवा आणि सहावा फोटोही चढवाल का? काटा उघडताना दिसतो का ते बघायचंय.